केबल काढली, पण...

टीआय-८३ ची लिंक केबल काढून इन्फ्रारेड एलईडी लावला की झालं, असं आम्हाला वाटलं होतं. हॉस्टेलवर अख्खी रात्र जागलो, एक बाइटसुद्धा पोचला नाही! कारण नीट बघा. केबलमध्ये दोन डेटा लाइन्स असतात, एरवी दोन्ही 'हाय'. पाठवणारा ० किंवा १ प्रमाणे एक लाइन 'लो' करतो, घेणारा दुसरी 'लो' करून पोच देतो. मग आधी पाठवणारा लाइन सोडतो, नंतर घेणारा. म्हणजे प्रत्येक बिटला पोच. इन्फ्रारेडमध्ये आपलाच उजेड आपल्याच रिसीव्हरवर पडतो.

उपाय: दोन्हीकडे मायक्रोकंट्रोलर. पोच त्याने जागेवरच द्यायची, बाइट पूर्ण झाला की ३८ किलोहर्ट्झच्या कॅरिअरवर पाठवायचा. तेव्हा सोल्डर गन तापवण्याआधी प्रोटोकॉल वाचा. आमची झोप गेली, तुमची तरी वाचेल.