नृत्यगृहाची नोंदवही आणि संगणक

म्हैसूर शहराच्या दक्षिण भागातील कुवेंपुनगर ही वस्ती कन्नड महाकवी कुवेंपु (1904–1994) यांच्या नावाने ओळखली जाते. याच वस्तीत गानभारती या संस्थेचे वीणे शेषण्णा भवन आहे. म्हैसूर दरबारचे थोर वैणिक शेषण्णा (1852–1926) यांचे नाव त्या वास्तूस दिलेले आहे. तेथे मैफली होतात, नृत्याचे कार्यक्रम होतात. अशा सभागृहाचा हिशेब तुलनेने सोपा असतो. खुर्च्या ठरलेल्या, रसिक बसलेला आणि नाचणारा रंगमंचावर.

सामाजिक नृत्याच्या जागेत हे चित्र उलटते. तेथे जो पैसे देतो तोच नाचतो. समजा, याच वस्तीतील एखाद्या घराच्या वरच्या मजल्यावर सहाशे चौरस फुटांचे दालन आहे. आठवड्यातून तीन संध्याकाळी शिकवणी चालते आणि शनिवारी सर्वांसाठी नृत्यसंध्या असते. चालकाजवळ एक वही आहे, भ्रमणध्वनीत निरोपांची रांग आहे आणि पुष्कळसा व्यवहार केवळ स्मरणात आहे. एका जोडीस तीस चौरस फूट जागा धरली, तर वीस जोड्या मावतात. परंतु चाळीस माणसे आली म्हणजे वीस जोड्या झाल्या असे नव्हे. पुढाकार घेणारे अठ्ठावीस आणि साथ देणारे बाराच असतील, तर सोळाजण भिंतीशी उभे राहतात व पुढच्या शनिवारी येत नाहीत. जागा बंद पडते ती बहुधा अशा कारणाने. वहीत मात्र त्या दिवशी चाळीस जणांची चांगली जमा दिसते.

म्हणून आज्ञावली लिहिण्यापूर्वी, किंबहुना संगणकास हात लावण्यापूर्वी, काय मोजावयाचे याचा निर्णय झाला पाहिजे. हा निर्णय दिसतो तितका निरुपद्रवी नाही. अमेरिकेतील शिकागो शहराच्या भाडोत्री नृत्यगृहांचा पॉल क्रेसी यांनी केलेला अभ्यास 1932 साली प्रसिद्ध झाला. तेथे दहा सेंटांचे एक तिकीट म्हणजे एक नाच, आणि त्यातील निम्मी रक्कम नर्तकीस मिळे. मोजमापाचे एकक ‘एक नाच’ हे ठरल्याबरोबर नाच आखूड झाले. मिनिट-दीड मिनिटात ते आटोपू लागले. हिशेबाच्या रकान्याने नृत्याची लांबी ठरविली, असेच म्हणावे लागेल. छोट्या जागेने प्रवेश संध्याकाळीवर आकारावा की महिन्यावर, हा प्रश्नही याच जातीचा आहे.

एकक ठरल्यानंतर माहितीची मांडणी येते. एडगर कॉड यांनी 1970 साली मांडलेली परस्परसंबद्ध तक्त्यांची कल्पना येथे पुरेशी आहे. तिचा व्यवहारातील मथितार्थ असा, की एक गोष्ट एकाच ठिकाणी नोंदावी. येथे चार तक्ते पुरतात: व्यक्ती, संध्याकाळ, हजेरी आणि जमा. नवशिका योजक व्यक्तीच्या तक्त्यातच ‘पुढाकार’ किंवा ‘साथ’ असा रकाना घालतो. ही चूक महागात पडते. एकच मनुष्य बुधवारी पुढाकार घेतो व शनिवारी साथ शिकतो. दोन मैत्रिणी आळीपाळीने दोन्ही करतात. भूमिका ही माणसाची नव्हे, त्या संध्याकाळची आहे; म्हणून तिची जागा हजेरीच्या तक्त्यात. एवढे साधले, की कोणत्या वारी कोणती बाजू लंगडी पडते ते महिन्याभरात दिसू लागते आणि निमंत्रणे त्याप्रमाणे धाडता येतात.

जमेच्या तक्त्याबाबत आपली जुनी किर्द-खतावणी अजूनही चांगली गुरू आहे. ‘शिल्लक’ हा आकडा साठवू नये. तो किर्दीतून दरवेळी काढावा. चुकीची रक्कम खोडू नये. उलट नोंद करावी. 2016 पासून भ्रमणध्वनीवरून रक्कम देण्याची यूपीआय पद्धत रूढ झाली. तिच्या प्रत्येक व्यवहारास क्रमांक असतो, तो नोंदल्यास ‘मी तर दिले होते’ हा वाद दारातच मिटतो. रोख रकमेस अशी साक्ष नसते, म्हणून तिची पावती द्यावी. सेवाव्यवसायाची वार्षिक उलाढाल वीस लाख रुपयांच्या आत असेल, तर वस्तू व सेवा कराची नोंदणी सामान्यतः लागत नाही. लहान जागेने कराचे रकाने आधीच घालून पडदा गजबजवू नये.

वेळेचा एक रकाना मात्र आवश्यक आहे. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 साली लागू झाले. निवासी भागात रात्रीची मर्यादा 45 डेसिबल आहे आणि रात्र दहा वाजता सुरू होते. बंद दालनास ध्वनिक्षेपकाबाबत सवलत असली, तरी उघड्या खिडक्यांचे दालन बंद कसे म्हणावे? संध्याकाळीची समाप्ती साडेनवाच्या पुढे नोंदू न देणारी आज्ञावली शेजाऱ्यांशी असलेला सलोखा राखते.

सर्वांत नाजूक भाग व्यक्तीच्या तक्त्याचा. नृत्यसंध्येस येणाऱ्या कित्येक स्त्रियांना आपण तेथे जातो हे सर्वांस कळू नये असे वाटते, आणि ते योग्यच आहे. दूरध्वनीचा क्रमांक इतर नाचणाऱ्यांच्या दृष्टीस पडता कामा नये. दारावरील मदतनिसास केवळ नाव व भरणा दिसावा. पत्ता, जन्मतारीख, नोकरीचे ठिकाण विचारण्याचे प्रयोजनच नाही. 2023 च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील व्यक्तीच्या माहितीसाठी पालकांची संमती सांगितली आहे. मुलांचे वर्ग असल्यास ती नोंद आरंभापासून ठेवावी. गैरवर्तनाची तक्रार आली, तर ती या तक्त्यांत न मिसळता वेगळ्या, चालकाच्याच हाती असलेल्या नोंदीत जावी.

वीज जाते, जाळे तुटते. त्यासाठी संध्याकाळी पाच वाजता अपेक्षित नावांची छापील यादी काढण्याची सोय हवी. प्रारंभी पूर्ण एक महिना वही आणि संगणक दोन्ही चालवावेत. दर रविवारी दोन्हींच्या बेरजा ताडून पाहाव्यात. जेथे त्या जुळत नाहीत, तेथे आधी वही उघडावी. दारात पैसे घेणाऱ्याने घाईत काय लिहिले, हे तिच्या समासात सापडते.