लग्नपत्रिका : एका चुलीला एक



तुळशीचं लग्न लागलं की आपल्या कुटुंब-गटांत पत्रिकांची रीघ सुरू होते. काही घरी येतात, काही फोनवर येतात, आणि काही दोन्हीकडून येतात. म्हणून या आठवड्याच्या अभ्यासपाठाला लग्नपत्रिकेचाच विषय घेतला आहे. निसर्गाला कमीत कमी त्रास देणारी पत्रिका कशी करायची आणि ती पाठवायची कशी, हे आज पाहू. विषय वाटतो तेवढा सरळ नाही. “कागद वाचवायचा म्हणून व्हॉट्सॲपवर टाकली” असं म्हटलं की मोठी आत्या रुसते, आणि ‘माणसं दुखावू नयेत’ म्हणून चारशे जाडजूड खोके छापले की ते वर्षभरात माळ्यावर जातात. मधला रस्ता शोधायचा तर आधी पत्रिका म्हणजे काय, हे नीट समजून घ्यावं लागेल.

आपल्याकडे बोलावणं अक्षतांनी व्हायचं. घरातलं जोडपं कुंकू लावलेले तांदूळ घेऊन दारोदार जायचं, देवापाशी अक्षत ठेवायचं, मग घरातल्या मोठ्यांच्या हातावर. लांबच्यांना हाताने लिहिलेलं पत्र जायचं, त्याला हळदीकुंकवाची बोटं लावलेली असायची. छापील कागद त्यानंतर आला. त्याचं काम एवढंच, की मुहूर्त आणि स्थळ विसरायला होऊ नये. म्हणजे मान अक्षतांचा आणि तोंडच्या शब्दांचा, पत्रिका आठवणीपुरती. हे एकदा मनात बसलं की पत्रिका हलकी केल्याने कुणाचा मान कमी होईल ही भीती जाते. मान कमी होतो तो आपण स्वतः न गेल्याने, फोनही न केल्याने.

आता यादी. बहुतेक घरांत आधी छापखान्यात जाऊन नमुने बघतात आणि यादी नंतर करतात. आमचं सांगणं आहे की हा क्रम उलटा करा. यादी माणसांची करू नका, चुलींची करा. काका-काकू, त्यांचा मुलगा-सून, नातू, सगळे एका घरात जेवत असतील तर पत्रिका एकच. ‘सहकुटुंब सहपरिवार’ हे शब्द त्यासाठीच तर आहेत. ऑफिसात विभागाला एक, सोसायटीत फलकावर एक. मग त्या यादीवर तीन खुणा करा : जिथे स्वतः जायचं ती घरं, जिथे टपालाने किंवा कुणाच्या हाती पाठवायची ती, आणि जिथे फोन करून व्हॉट्सॲपवर पाठवली तर चालेल ती. सत्तरीच्या पुढच्या माणसाचं नाव तिसऱ्या खुणेत घालू नका, मग ते कितीही रोज ‘सुप्रभात’ पाठवत असोत. शेवटी दहा पत्रिका जास्तीच्या धरा. पन्नास नव्हे.

थोडा हिशेब करू. हल्लीची खोक्यासारखी पत्रिका, आत तीन-चार पानं, वर रिबीन, अशी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून बघा. समजा ती 120 ग्रॅम भरली. 350 घरांना 42 किलो झाले. आता वहीच्या पानाएवढं एकच पान घ्या, ए-5 आकाराचं, 250 जीएसएमचं. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. हे पान पावणेआठ ग्रॅमच्या आसपास भरतं, साधं पाकीट पाचेक ग्रॅमचं. 350 पत्रिका साडेचार किलोत बसतात. आणि चुलींची यादी करून छापायच्या फक्त 120 उरल्या, तर दीड किलो. कुठला ‘इको-फ्रेंडली’ कागद घ्यावा यावर घरात वाद घालण्याआधी हा आकडा समोर ठेवा. सर्वांत मोठी बचत इथेच होते.

कागदापेक्षा त्याच्यावर काय चढवलं आहे, ते जास्त महत्त्वाचं. चकचकीत किंवा मखमली हाताला लागणारी पत्रिका बहुधा लॅमिनेशनची असते. म्हणजे कागदावर प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा चिकटवलेला. असा कागद धड मातीत जात नाही, धड लगद्यात जात नाही. ओळखायचं सोपं आहे : कोपरा हळूहळू फाडा. कागद फाटतो आणि वरचा पापुद्रा ताणला जातो, तर ते प्लॅस्टिक. चमकी म्हणजे ग्लिटर, तेही बहुतांशी प्लॅस्टिकचेच कण. सोनेरी फॉइलची एखादी ओळ किंवा छोटा गणपती असेल तर आम्ही फार ताणणार नाही, पण सगळी पत्रिका सोन्याने मढवू नका. गडद मरून, गडद निळी पार्श्वभूमीही टाळलेली बरी. शाई भरपूर लागते आणि पुढे लगदा करताना ती काढणं जड जातं. पांढऱ्या किंवा बदामी कागदावर एका-दोन रंगांची छपाई देखणी दिसते. जुन्या पत्रिका काढून बघा, हळदीच्या रंगाचा कागद आणि लाल अक्षरं, बस.

एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. पत्रिकेवर गुंडाळायची प्लॅस्टिकची पारदर्शक फिल्म 1 जुलै 2022 पासून देशभर बंद आहे. केंद्र सरकारने एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकच्या ज्या वस्तूंवर बंदी घातली, त्या यादीत मिठाईचे खोके, निमंत्रणपत्रिका आणि सिगारेटची पाकिटं यांच्यावरची फिल्म स्पष्ट लिहिलेली आहे. त्याच यादीत 100 मायक्रॉनपेक्षा पातळ प्लॅस्टिकचे फलकही आहेत. कार्यालयाच्या दारात ‘सुस्वागतम्’ लावणाऱ्यांनी तेवढं ध्यानात ठेवावं, कापडी फलक छान दिसतो. छापखानेवाला “सगळेच घेतात” म्हणाला तरी आपण नम्रपणे नको म्हणायचं. अक्षतांसाठीच्या प्लॅस्टिकच्या इवल्या पिशव्यांचंही तसंच. वाण्याकडे बांधतात तशी कागदाची पुडी घरच्या मुलांना बांधायला शिकवा. एका संध्याकाळी शंभर होतात, आणि मुलांना लग्नघरात काहीतरी काम मिळतं.

ज्यांना थोडी हौस करायची आहे त्यांनी हातकागद घ्यावा. तो मुख्यतः सुती चिंध्यांपासून, कापड-कारखान्यातल्या कात्रणांपासून होतो, झाड तोडावं लागत नाही. आपल्या मुलखाला हा कागद परका नाही. जुन्नरचा कागद एके काळी नावाजलेला होता, दौलताबादजवळ कागजीपुरा नावाचं गावच आहे, आणि पुण्यात 1940 साली हातकागद संस्था सुरू झाली. ग्वाल्हेर-इंदूरकडच्यांना जयपूरजवळचं सांगानेर सोयीचं पडेल, तिथे हातकागदाचं मोठं काम चालतं. मात्र ‘हँडमेड’ असं नुसतं छापलेला यंत्राचा कागदही बाजारात मिळतो. खऱ्या हातकागदाची कड फाडली की लांब लांब तंतू दिसतात. त्यावर बारीक अक्षरं नीट उमटत नाहीत, म्हणून मजकूर थोडका आणि टाइप मोठा ठेवा. आजोबांनाही वाचता येईल.

बीज-पत्रिकेबद्दल बरेच जण विचारतात. कागदाच्या लगद्यात तुळस, झेंडू अशी बारीक बी मिसळून हा कागद करतात. वाचून झाल्यावर तो रात्रभर पाण्यात भिजवायचा, तुकडे करून कुंडीत पसरायचा, वर अर्धा सेंटीमीटर माती, आणि रोज हलकं पाणी शिंपडायचं. कल्पना गोड आहे. पण आमचा अनुभव असा, की दहांतल्या नऊ पत्रिका फ्रिजवर चिकटतात किंवा खणात राहतात, आणि बी जुनं होत जातं. दुसरी अडचण ऋतूची. आपली बरीचशी लग्नं मार्गशीर्ष-माघात. ग्वाल्हेरच्या थंडीत तुळशीचं बी रुजायला कुरकुर करतं. गोव्यात त्याच महिन्यांत ते बिनतक्रार येईल. मे महिन्यातल्या लग्नात हैदराबादला रोप उगवलं तरी दुपारच्या उन्हात टिकवणं मुश्कील. शिवाय छपाईच्या यंत्राच्या दाबाने बी चेपलं जातं, म्हणून असा कागद स्क्रीन-छपाईनेच करून घ्यावा लागतो आणि तो महाग पडतो. तेव्हा ज्यांच्या घरी कुंडी आहे आणि जे पेरतील, अशा वीस-पंचवीस घरांपुरता घ्या. थंडीच्या लग्नात याहून सोपा उपाय आहे : अक्षतांच्या पुडीशेजारी चिमूटभर मेथीची दुसरी पुडी. स्वयंपाकघरातली मेथी पेरली तरी रुजते, आणि तीन-चार आठवड्यांत भाजीला येते.

आपण महाराष्ट्राबाहेर राहतो, त्यामुळे आपल्या घरांत एक जास्तीचा खर्च असतो. नातलगांसाठी मराठी पत्रिका, आणि शेजारी-मित्रांसाठी वेगळी : बेळगावात कन्नड, बडोद्यात गुजराती, इंदुरात हिंदी, हैदराबादेत तेलुगू नाहीतर इंग्रजी. दोन वेगळे संच छापले की दोन्हींतल्या उरतात. एकाच पानाच्या एका बाजूला मराठी आणि दुसऱ्या बाजूला गावाची भाषा छापा. शेजाऱ्यालाही बरं वाटतं की आपली भाषा पाठीला पाठ लावून आली आहे. हळद, संगीत, स्वागतसमारंभ यांची वेगळी पानं नकोत, खाली एकेक ओळ पुरते.

पण खर्च वाचवताना मराठी बाजूच गळू देऊ नका. आपल्यापैकी कित्येक घरांत तिसऱ्या-चौथ्या पिढीत मराठीत छापली जाणारी ही एकच गोष्ट उरली आहे. ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’, ‘चि. सौ. कां.’, ‘अगत्य येण्याचे करावे’, हे शब्द मुलांच्या कानांवर एरवी पडणार कुठे? फोनवरच्या तयार नमुन्यांत इंग्रजी आणि हिंदीच जास्त, म्हणून नमुना रिकामा घ्यावा आणि मजकूर स्वतः मराठीत बसवावा. मुक्ता, बालू यांसारखे देवनागरी फॉन्ट फुकट मिळतात, त्यांत जोडाक्षरं तुटत नाहीत. शेवटी घरातल्या एखाद्या जाणत्या माणसाकडून ऱ्हस्व-दीर्घ तपासून घ्या. आत्याबाईंचं नाव चुकलं तर पर्यावरण वाचल्याचा आनंद त्यांना होणार नाही.

व्हॉट्सॲपवर पाठवण्याची रीत आता सांगतो. गटात टाकलेली पत्रिका सूचनाफलकासारखी असते, तिला बोलावणं म्हणत नाहीत. आधी फोन करा, मग त्या घराच्या नावाने मायना लिहून पाठवा. असं काहीतरी :

“ती. काका व सौ. काकूंना साष्टांग नमस्कार. मघाशी फोनवर बोलल्याप्रमाणे पत्रिका सोबत पाठवत आहे. तुम्ही दोघांनी आदल्या दिवशीच यायचं आहे. उतरण्याची सोय घरीच केली आहे.”

खाली तिथी, तारीख, वेळ आणि पत्ता अक्षरांत टाइप करा, नुसत्या चित्रात ठेवू नका, म्हणजे रिक्षावाल्याला दाखवता येतो. नाचरे व्हिडिओ पाठवू नका, ज्येष्ठांचा फोन भरतो. पत्रिका चित्र किंवा पीडीएफ म्हणूनच पाठवा, आणि हे सर्वांना सांगा : 2024 च्या लग्नसराईत लग्नपत्रिकेच्या नावाखाली फोनमध्ये चोर-ॲप घुसवण्याचे प्रकार झाले आणि पोलिसांनी त्याबद्दल इशारे दिले. फाईलच्या नावाच्या शेवटी इंग्रजीत ए-पी-के अशी तीन अक्षरं असतील तर ती उघडायची नाही, ओळखीच्या नंबरावरून आली तरी. आपल्या माणसांना आपली पत्रिका उघडायची भीती वाटू नये, म्हणून आधीचा तो फोन दुप्पट गरजेचा.

आता जरा नाजूक मुद्दा. पत्रिकेवर आपण गणपती छापतो, कुलदैवत छापतो, आणि आपल्यातले बरेच जण भक्तीने गुरूंचं छायाचित्रही छापतात. लग्न पार पडल्यावर त्या पत्रिकेचं काय होतं? रद्दीत घालवत नाही, फाडवत नाही. मग ती खणात साठते आणि एक दिवस पिशवीत भरून मांडवीत, विश्वामित्रीत, मुशीत सोडली जाते, नाहीतर पिंपळाच्या पारावर ठेवली जाते. पाऊस तिचं काय करतो ते आपण पाहिलं आहे. ज्याच्यावर आपली श्रद्धा आहे त्याचं चित्र साडेतीनशे घरांत पाठवून त्याची जबाबदारी दुसऱ्यांवर टाकायची, हे आम्हाला पटत नाही. वर नुसतं ‘श्री’ लिहावं. देवापुढे ठेवायची पहिली पत्रिका, मग ती खजराण्याच्या गणपतीची असो वा गोव्यातल्या कुलदेवतेची, हवी तशी सजवा. ती एकच असते.

या आठवड्याचा स्वाध्याय : रविवारी सगळ्यांनी मिळून घरातल्या जुन्या पत्रिका काढा. प्रत्येकीचा कोपरा फाडून दोन ढीग करा, साध्या कागदाचा एक आणि पापुद्र्याचा एक. साध्या ढिगातली देवांची चित्रं कापून बादलीभर पाण्यात दोन दिवस भिजत ठेवा, हाताने कुस्करून लगदा करा आणि झाडाच्या मुळाशी मातीत मिसळा. उरलेला साधा कागद रद्दीत द्या. पाठकोऱ्या असतील त्या किराण्याच्या यादीला ठेवा. पापुद्र्यावाल्या मातीत घालू नका. त्यांची पाकिटं, पुस्तकातल्या खुणा, मुलांच्या प्रकल्पाची पुठ्ठ्याची घरं होतील, आणि बाकीच्या सुक्या कचऱ्यात जातील. इंदूरच्या मंडळींना ओला-सुका शिकवायला नकोच. कुठला ढीग मोठा निघाला ते गटात कळवा.