रात्री आठ वाजले की नेट का रखडते?

प्रश्न : सांगलीतील एका वाचकाकडे १०० एमबीपीएसचे फायबर कनेक्शन आहे. सकाळी वेग पुरेपूर, रात्री आठनंतर जेमतेम २०. दोष कुणाचा?

उत्तर : आधी लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडून सकाळी आणि रात्री वेग मोजावा. या चाचणीआधी नवा राउटर घेणे म्हणजे पैसे पाण्यात.

केबलवर वेग पुरा मिळाला, तर गडबड वायफायची. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांना न छेदणारे चॅनेल तीनच. रात्री शेजारपाजारचे सगळे राउटर तिथेच दाटी करतात. ५ गिगाहर्ट्झ वापरावा. साताऱ्यातील जुन्या वाड्यांच्या जाड भिंतींपुढे मात्र तो दमतो. तिथे राउटरच माजघरात आणावा.

केबलवरही वेग पडला, तर गर्दी कंपनीच्या लाइनवर. जीपॉन प्रकारच्या फायबरमध्ये सेकंदाला सुमारे २.५ गिगाबिट अनेक घरांत वाटले जातात. मोजणीचे स्क्रीनशॉट जोडून तक्रार करावी, तक्रार क्रमांक मागून घ्यावा.