भीड इथेच ठेवून जा

वैभववाडी, जुलै

चि. बाय,

अमेरिकेत यजमान कुटुंबात राहून शिकण्याच्या योजनेतला तुझा व्हिसा झाल्याचं ताईने कळवलं. तिची यादी चालूच असेल: स्वेटर, औषधं, लाडू. मला तुझ्या सामानातली एक गोष्ट कमी करायची आहे, ती म्हणजे भीड.

आपल्याकडे पाहुण्याने ‘नको’ म्हणायचं असतं आणि वाढणाऱ्याने ते ऐकायचं नसतं. घावणे वाढताना आजी कुणाचं ऐकते? तिथे ‘नो’ म्हटलंस की भांडं पुढे गेलं, आणि त्यात यजमानांचा काही रुसवा नसतो. तू मात्र संकोचापायी अर्धपोटी झोपशील आणि रात्री आईला रडका फोन करशील. भूक लागली तर सांग. फ्रिजमधलं काय न विचारता घ्यायचं, ते पहिल्याच दिवशी विचारून घे.

शाळेत तू आनंदीबाई जोशी वाचल्यास त्या डॉक्टर म्हणून. परक्या घरी उतरलेली मुलगी म्हणूनही त्यांच्याकडे बघ. जून 1883 मध्ये, अठराव्या वर्षी, त्या न्यू जर्सीतल्या रोझेलला थिओडोशिया कार्पेंटर यांच्याकडे पोचल्या. ओळख मात्र जुनी होती, 1880 पासून दोघींची पत्रं चालली होती. शिवाय निघण्याआधी फेब्रुवारीतच, बंगालमधल्या श्रीरामपूरला, त्यांनी भर सभेत सांगून टाकलं होतं की हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. काय खाणार, काय नेसणार, हे आधीच ठरलेलं. आपलं न सोडताही आनंदीबाई त्या घरच्या झाल्या, कार्पेंटरबाईंना मावशी मानू लागल्या. 1887 मध्ये पुण्यात त्यांचं निधन झालं, तेव्हा त्यांची रक्षा न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सीला, कार्पेंटरांच्या दफनभूमीत ठेवली गेली. (आपल्या भाऊबंदकीत सख्ख्यांना बांधावर चार पावलं जागा मिळत नाही, ते असो.)

तेव्हा तूही आजच तुझ्या यजमान कुटुंबाला लिही: मासे, कोंबडी खाते, गोमांस खात नाही, सोमवारी शाकाहारी. ताटात पडल्यावर तोंड वाकडं करण्यापेक्षा हे बरं.

न्यू जर्सीत दादाकडे राहिलो तेव्हा पाहिलेल्या दोन गोष्टी सांगतो. तिथल्या न्हाणीघरात आपल्यासारखी मोरी नसते. टबाबाहेरच्या जमिनीला पाणी जायला वाटच नाही. अंघोळीआधी पडद्याचं टोक टबाच्या आत सोडायचं, नाहीतर पाणी खालच्या खोलीच्या छतातून ठिबकतं. आणि फोडणी देताना आधी चुलीवरचा पंखा लाव. मोहरी तडतडून धूर झाला की छताला लावलेला भोंगा असा किंचाळतो की शेजारी बाहेर येतील. सुकट तर नेऊच नकोस. थंडीत दारं-खिडक्या बंद असतात, वास आठवडाभर मुक्काम करेल.

या योजनेत यजमान कुटुंबाला तुला ठेवण्याचे पैसे मिळत नाहीत. ती माणसं हौसेने आणि पदरमोड करून ठेवतात. म्हणून खोली भाड्याने घेतल्यासारखी दार लावून बसू नकोस. ताटं उचल, कुत्र्याला फिरवून आण. यजमानीणबाईंना नावाने हाक मारायला तुझी जीभ रेटणार नाही, पण तिथे ती रीत आहे. काय म्हणू, ते त्यांनाच विचार.

पण उपकाराच्या ओझ्याखाली काही सोसूही नकोस. त्या घरात कुणाचं वागणं, बोलणं, अंगचटीला येणं खटकलं, तर ‘त्यांना काय वाटेल’ हा विचार मनात आणायचा नाही. तुझ्यासाठी नेमलेल्या स्थानिक समन्वयकाचा नंबर कागदावरही लिहून ठेव, फोन कधीही बंद पडतो. घर बदलून मागता येतं, ती नामुष्की नव्हे. हे मी ताईसमोर बोललो नाही, ती उगाच धसका घेईल. तू मात्र नीट वाच.

घरी फोन रविवारीच कर. आपल्याकडे सकाळचे सात वाजतात तेव्हा तिकडे पूर्वेकडच्या राज्यांत ऑगस्टात आदल्या रात्रीचे साडेनऊ असतात. रोज फोन केलास तर त्या वेळेला ती मंडळी बैठकीत गप्पा मारत असतील आणि तू कानाला फोन लावून खोलीत. आजी ‘जेवलंस काय गो?’ विचारायला रोज हट्ट करेल, तिला मी आवरतो.

कोकमाची सोलां आणि कुळथाचं पीठ शनिवारी पाठवतो. पुड्यांवर इंग्रजीत नाव लिहिलेलं असेल. उतरल्यावर कस्टमच्या माणसाला खाण्याचं सामान आहे म्हणून स्वतःहून सरळ सांग, लपवू नकोस. आंबा-फणसाचं ताजं काही आईने कोंबलं असेल तर मुंबईतच काढून ठेव.

तुझा,
मामा