जुना डिजिटल कॅमेरा पारखावा कसा?

प्रश्न : माझी मुलगी कॉलेजात आहे. तिला वाढदिवसाला खिशात मावणारा जुना डिजिटल कॅमेरा हवा आहे. ओळखीच्या एका गृहस्थांकडे २००८ च्या सुमाराचा, १० मेगापिक्सेलचा, पेन्सिल सेलवर चालणारा कॅमेरा पडून आहे आणि ते तो विकायला तयार आहेत. पण मुलीच्या हातातला फोनच ५० मेगापिक्सेलचा आहे! मग पाचपट कमी ताकदीची वस्तू पैसे देऊन का घ्यायची? मुलगी म्हणते, त्यात ‘सीसीडी’ असल्याने रंग वेगळेच येतात. हे खरे आहे का? आणि घ्यायचाच झाला, तर चांगला-वाईट कसा ओळखायचा?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : आधी आकड्यांचा गुंता सोडवू, कारण वर्षानुवर्षे जाहिरातींनी तोच आवळून ठेवला आहे.

मेगापिक्सेलचा आकडा एवढेच सांगतो, की चित्र किती ठिपक्यांत विभागले आहे. एक मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख ठिपके. १० मेगापिक्सेलच्या चित्रात आडवे ३६४८ आणि उभे २७३६, असे साधारण एक कोटी ठिपके असतात. फोनचे पाच कोटी असले, तरी रोजच्या वापरात असे बहुतेक फोन शेजारशेजारचे चार-चार ठिपके एकत्र करून साडेबारा मेगापिक्सेलचेच चित्र तयार करतात. म्हणजे खरा सामना दहा आणि साडेबारा यांच्यात आहे, आणि एवढा फरक डोळ्यांना जाणवतही नाही. चार बाय सहा इंचांचा फोटो इंचाला ३०० ठिपके या हिशेबाने छापायला जेमतेम २२ लाख ठिपके लागतात. पूर्ण ए-४ कागदाला सुमारे ८७ लाख. घरच्या अल्बमसाठी १० मेगापिक्सेल पुरून उरतात.

फोन चार ठिपके एकत्र का करतो, हे कळले की पुढचे सगळे सोपे होते. ठिपका जितका बारीक, तितका त्याच्या वाट्याला प्रकाश कमी. आणि प्रकाश अपुरा पडला की चित्रात रंगीत कणी दिसू लागते. एका भाकरीचे आठ तुकडे केले काय आणि बत्तीस केले काय, भाकरी काही वाढत नाही. कॅमेऱ्यात प्रकाश टिपणारी जी चिप असते, तिला सेन्सर म्हणतात. एकूण प्रकाश किती मिळणार हे त्या सेन्सरच्या आकारावर आणि भिंगाच्या तोंडावर ठरते, तुकड्यांच्या संख्येवर नाही.

खिशातल्या बहुतेक जुन्या कॅमेऱ्यांचा सेन्सर साधारण ६.२ बाय ४.६ मिलिमीटर असतो, म्हणजे सुमारे २८ चौरस मिलिमीटर. लग्नातल्या फोटोग्राफरच्या फुल फ्रेम कॅमेऱ्यात तो ३६ बाय २४ मिलिमीटर, म्हणजे ८६४ चौरस मिलिमीटर असतो. तिथे प्रकाश झेलायला तीसपट जागा आहे. माहितीपत्रकात लहान सेन्सरचा आकार ‘१/२.३ इंच’ किंवा ‘१/१.७ इंच’ असा लिहिलेला सापडेल. तो पट्टीने ताडून पाहू नका, जुळणार नाही. टीव्हीच्या जुन्या कॅमेऱ्यांतल्या काचेच्या नळ्यांच्या व्यासावरून ती मोजणी आली आहे. छेदातला आकडा जितका लहान, तितका सेन्सर मोठा, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. आजच्या मध्यम किमतीच्या फोनमध्येही मुख्य कॅमेऱ्याचा सेन्सर अनेकदा या जुन्या कॅमेऱ्यापेक्षा मोठाच असतो. शिवाय फोन अंधारात एकापाठोपाठ अनेक चित्रे टिपतो आणि त्यांचे मिळून एक चित्र करतो. त्यामुळे संध्याकाळच्या अंगणात, फ्लॅशशिवाय, फोनच जिंकतो. जुने ते सगळे चांगले, असे मुलीला वाटत असेल तर हे तिला आधीच सांगा.

जुना कॅमेरा पुढे जातो तो दोन बाबतींत. पहिली झूमची. फोनवर बोटे फाकवून चित्र मोठे केले की बहुतेक वेळा मधला भाग कापून ताणला जातो. वेगळे दूरचे भिंग सहसा महागड्या फोनमध्ये असते. कॅमेऱ्यात भिंगे खरोखर पुढे-मागे सरकतात, म्हणून दूरची वस्तू सगळ्या ठिपक्यांनिशी मिळते. याला ऑप्टिकल झूम म्हणतात. कॅमेऱ्यावर दिसणारा ‘४ एक्स’चा आकडा फक्त सर्वांत लांबच्या आणि सर्वांत जवळच्या टोकाचे गुणोत्तर सांगतो. ‘डिजिटल झूम’ असे वेगळे लिहिलेले असेल तर ते फोनसारखेच कापणे आहे. सेटिंगमध्ये जाऊन ते कायमचे बंद करावे. एक मेख मात्र आहे. झूम वाढवला की या भिंगांचे तोंड अरुंद होते. जवळच्या टोकाला एफ २.८ असलेले भिंग लांबच्या टोकाला एफ ५.६ वर येते, तेव्हा आत शिरणारा प्रकाश चौथाईवर येतो. हाताची थरथरही मोठी होऊन दिसते. त्यामुळे कार्यालयाच्या हॉलमध्ये मागे बसून पूर्ण झूमवर काढलेले फोटो हलतात; कॅमेरा बिघडलेला नसतो. दोन पावले पुढे जावे आणि झूम कमी करावा.

दुसरी बाब फ्लॅशची, आणि माझ्या मते या कॅमेऱ्याचा खरा जीव तिथेच आहे. फोनचा ‘फ्लॅश’ म्हणजे एलईडीचा दिवा. तो मंद असतो आणि थोडा वेळ जळत राहतो. कॅमेऱ्यात झेनॉन वायूची बारीक नळी असते. आतला कपॅसिटर सुमारे ३०० व्होल्टपर्यंत भरतो आणि सगळी वीज एका क्षणात त्या नळीत सोडतो. फ्लॅश तयार होताना येणारा बारीक ‘कुंईं’ आवाज हा त्या भरण्याचा. लखलखाट टिकतो सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढा किंवा त्याहूनही कमी, म्हणून नाचणारी मैत्रीण, उडालेली ओढणी, सांडणारे पाणी, सगळे जागच्या जागी थिजते. पण पल्ला बेताचा असतो, तीन-चार मीटर. अंतर दुप्पट झाले की प्रकाश एक चतुर्थांश उरतो. नाट्यगृहाच्या विसाव्या रांगेतून फ्लॅश मारणाऱ्यांच्या फोटोत पुढच्या रांगेतली डोकी तेवढी उजळतात, ती यामुळेच.

इथेच तुमच्या मुलीच्या सीसीडीचेही उत्तर आहे. सीसीडी ही सेन्सरची जुनी जात. बेल लॅब्जमध्ये विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी १९६९ मध्ये ती कल्पना मांडली आणि २००९ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. पण कुठल्याही सेन्सरला, सीसीडी असो की आजचा सीमॉस, स्वतःहून रंग कळत नाही. त्याला फक्त उजेड कमी की जास्त एवढेच समजते. रंग येतात ते प्रत्येक ठिपक्यावर बसवलेल्या लाल, हिरव्या, निळ्या सूक्ष्म फिल्टरांमुळे. ती मांडणी कोडॅकच्या ब्राइस बायर यांची, पेटंट १९७६ चे. त्यातून पुरे चित्र कसे रंगवायचे, त्वचा किती गुलाबी आणि आकाश किती निळे, हे कंपनीने कॅमेऱ्यात भरलेला हिशेब ठरवतो.

मग तरुणांना आवडणारे ते रूप येते कुठून? फ्लॅश भिंगाला खेटून असतो, म्हणून चेहरा उजळतो, मागची भिंत काळवंडते आणि कडेला कडक सावली पडते. डोळ्यांच्या आतल्या पडद्यावरून तोच उजेड परतून येतो, म्हणून बाहुल्या लाल दिसतात. लहान सेन्सर ऊन आणि सावली एकाच वेळी पेलू शकत नाही, म्हणून आकाश पांढरेफटक होते. फोन हे सगळे दुरुस्त करून देतो. २००८ चा कॅमेरा फारसे काही करत नाही. सीसीडीची म्हणावी अशी एक खूण आहे : झगमगता दिवा समोर आला की पडद्यावर त्यातून वर-खाली उभी रेघ ओढली जाते. बाकी रंगांचे श्रेय एकट्या सीसीडीला देऊ नये, आणि त्या नावाखाली जास्त पैसेही.

आता पारख. हा भाग सावकाश वाचा, कारण हे कॅमेरे दुरुस्त होण्याची आशा फार थोडी असते. जपानी कॅमेरा कंपन्यांच्या संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१० मध्ये असे दहा कोटींहून अधिक छोटे कॅमेरे बाजारात गेले. २०२३ मध्ये ती संख्या सतरा लाखांच्या आसपास आली. एवढ्या आटलेल्या धंद्यात इतक्या जुन्या कॅमेऱ्यांचे सुटे भाग कोण ठेवणार? जो कॅमेरा हाती येईल, तो आहे तसाच वापरायचा, असे धरून चाला.

जाताना नवे सेल आणि स्वतःचे कार्ड न्या. आधी सेलचे झाकण उघडा. पत्र्यावर हिरवट-पांढरी पूड दिसली तर जुने सेल आत गळले आहेत. झाकणाची खिट्टी तुटलेली नाही ना, तेही पाहा. ती मोडली की सेल आत टेकत नाहीत आणि कॅमेरा मध्येच बंद पडतो. मग चालू करून झूम या टोकापासून त्या टोकापर्यंत अनेकदा फिरवा. कुरकुर किंवा अडखळ ऐकू आली, अथवा भिंग अर्धवट थांबून पडद्यावर ‘लेन्स एरर’ आले, तर तिथेच नमस्कार करून निघा. वाळूचा एखादा कण किंवा एक आपट याला पुरते.

नंतर चार फोटो काढा. भिंतीवर वर्तमानपत्राचे पान सरळ चिकटवून, झूमच्या दोन्ही टोकांना एकेक. चारही कोपरे मध्यापेक्षा थोडे मऊ दिसले तर ते चालते. एकच कोपरा धूसर असेल तर भिंग तिरके झाले आहे. तिसरा फोटो मोकळ्या आकाशाचा : त्यात करडे डाग दिसले तर सेन्सरवर धूळ आहे. या कॅमेऱ्यांचे भिंग निघत नाही, तेव्हा ती धूळ आत गेली ती गेलीच. चौथा फोटो भिंगावर तळहात घट्ट ठेवून : काळ्या चित्रात एखाद-दुसरा चमकता ठिपका माफ, चांदणे पसरलेले नको. हे सगळे कॅमेऱ्याच्या लहान पडद्यावर कळत नाही. कार्ड घरी आणून संगणकावर बघा आणि मगच पैसे द्या. ओळखीचे गृहस्थ आहेत, तेवढी मुभा देतील.

तुम्ही चिपळूणचे, म्हणून बुरशीची तपासणी विशेष महत्त्वाची. मोबाइलचा टॉर्च तिरका धरून भिंगात डोकावा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे. आतल्या काचेवर पसरली की फोटो धुरकट येतात. हवेतला दमटपणा बरेच दिवस साठ-सत्तर टक्क्यांवर राहिला की ती फोफावते, आणि कोकणातला पावसाळा तर याहून पुष्कळ ओला. दमटपणाची झळ सेन्सरलाही बसते. सोनीने बनवलेल्या आणि इतर कंपन्यांनीही वापरलेल्या काही सीसीडी सेन्सरांत उष्ण, दमट हवेत आतली जोडणी सुटण्याचा दोष निघाला होता, आणि २००५ मध्ये अनेक कंपन्यांनी तो जाहीर केला. चित्र जांभळे, वेडेवाकडे किंवा पूर्ण काळे येणे ही त्याची लक्षणे. तुमचा कॅमेरा त्यानंतरचा आहे, पण मुलीला २००५ च्याही आधीचा कुणी देऊ केला, तर हे आठवा.

हे सगळे बघूनही कॅमेरा बंदच पडला, तर घरी स्क्रू काढून आत बोट घालू नका. फ्लॅशचा तो ३०० व्होल्टचा कपॅसिटर सेल काढल्यावरही भरलेला राहू शकतो आणि जबर झटका देतो.

घ्यावा की नाही? वरच्या कसोट्यांना उतरला आणि किंमत साध्या हौसेच्या खर्चात बसली, तर जरूर घ्या. वाढदिवसाचे फोटो फ्लॅशवर छान येतील. किंमत ‘सीसीडी’, ‘रेट्रो’ म्हणून फुगवलेली असेल तर नको. आणि मुलीला फोनपेक्षा खरोखर सरस छोटा कॅमेरा हवा असेल, तर १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा, ‘एक इंच’ म्हणून ओळखला जाणारा सेन्सर असलेला बघा. सोनीच्या आरएक्स१०० ने २०१२ मध्ये तो खिशात आणला. कॅननचा जी७ एक्स २०१४ चा. त्यांच्या सेन्सरला जुन्या कॅमेऱ्याच्या चौपट जागा आहे, पण किंमतही त्याच मानाने मोठी.

वापराविषयी थोडेसे. साधे पेन्सिल सेल यात फार लवकर मान टाकतात, कारण फ्लॅश आणि झूम एकदम पुष्कळ वीज ओढतात. निकेल-मेटल हायड्राइडचे रिचार्जेबल सेल कागदावर १.२ व्होल्टचे असूनही जास्त टिकतात. एक जोड वापरात आणि एक चार्ज करून ठेवावा. कार्ड ३२ जीबीपर्यंतचे ‘एसडीएचसी’ घ्या. ६४ जीबीचे ‘एसडीएक्ससी’ त्या काळातले कॅमेरे सहसा वाचत नाहीत, आणि कॅमेरा त्याहून जुना असेल तर २ जीबीचे साधे एसडीच लागेल. बटण दाबल्यावर फोटो उशिरा निघतो, ही तक्रार मुलगी पहिल्याच दिवशी करेल. बटण अर्धे दाबून थांबायचे, हिरवी खूण आली की पूर्ण दाबायचे. जुळवाजुळव आधीच झालेली असते, त्यामुळे क्षण निसटत नाही. पावसाळ्यात कॅमेरा चामडी पाकिटात ठेवू नये, चामडे ओल धरते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून, सेल काढून ठेवावा, आणि अधूनमधून कोरड्या दिवशी बाहेर काढून चालवावा. सेल बराच काळ बाहेर राहिले तर तारीख पुसली जाते. पुन्हा वापरताना ती आधी लावून घ्यावी, नाहीतर सगळे फोटो भलत्याच वर्षाच्या नावे साठत जातात.