काळा कोट आणि आपल्या मुली



मागे एकदा 'आपले मदतनीस' हा पाठ शिकवताना मी वर्गात सांगितलं, "वकिलाचं चित्र काढा." सगळ्या वह्या पाहिल्या. एकाही वहीत बाई नव्हती. मुलींनीही पुरुषच काढला होता. एकीने तर विचारलं, "मॅडम, बाया बी वकील ऱ्हातस का?"

तिला उत्तर द्यायचं म्हणून हा पाठ लिहितेय.

नाशिकची कॉर्नेलिया

कॉर्नेलिया सोराबजी यांचा जन्म १५ नोव्हेंबर १८६६ रोजी नाशिकला झाला. म्हणजे त्या आपल्या शेजारच्याच जिल्ह्यातल्या. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्या शिकल्या आणि मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर झाल्या. परीक्षेत त्या पहिल्या आल्या होत्या. त्यामुळे विलायतेला शिकायला जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती त्यांनाच मिळायला हवी होती, पण ती मिळाली नाही. कारण एकच, त्या बाई होत्या.

मग काही लोकांनी वर्गणी जमवली आणि १८८९ मध्ये त्या ऑक्सफर्डला गेल्या. १८९२ मध्ये त्यांनी तिथली कायद्याची परीक्षा दिली. अशी परीक्षा देणाऱ्या त्या पहिल्याच महिला. पण बायकांना पदवी द्यायची नाही, असा तिथला नियम होता. पदवी हातात पडली १९२२ साली. परीक्षा दिल्यावर ३० वर्षांनी! विचार करा, तुम्ही आज पास झालात आणि गुणपत्रक ३० वर्षांनी मिळालं तर?

त्या काळात बंगाल, बिहारकडे पडद्यात राहणाऱ्या बायका होत्या. परपुरुषासमोर त्या येत नसत. मग वकिलाला आपलं म्हणणं सांगणार कसं? जमीनजुमला नातेवाईक लुबाडायचे आणि त्या गप्प राहायच्या. कॉर्नेलियाबाई थेट त्यांच्या घरात जाऊन बोलल्या. शेकडो बायका-मुलांना त्यांनी मदत केली. बाई वकील का हवी, याचं उत्तर इथेच मिळतं. काही दुःखं बाई बाईलाच सांगते.

कायदा बदलला

१९१६ मध्ये कलकत्त्यात रेजिना गुहा यांनी आणि १९२१ मध्ये पाटण्यात सुधांशुबाला हाजरा यांनी वकिलीची परवानगी मागितली. दोघींनाही नकार मिळाला. शेवटी १९२३ मध्ये कायदा झाला. केवळ स्त्री आहे म्हणून कुणालाही वकिली नाकारता येणार नाही, असं त्यात सांगितलं. त्यानंतर मुंबई उच्च न्यायालयात मिठन टाटा (लाम) उभ्या राहिल्या. त्या तिथल्या पहिल्या महिला वकील. त्याच न्यायालयात १९९४ मध्ये सुजाता मनोहर मुख्य न्यायाधीश झाल्या. दार उघडल्यापासून त्या खुर्चीपर्यंत पोहोचायला ७० वर्षं लागली.

आज काय अडचण आहे?

आज कायदा आडवा येत नाही. आडवी येते परिस्थिती. सुरुवातीची काही वर्षं ज्युनिअर वकिलाची कमाई फार थोडी असते. घरचे म्हणतात, "पोरीच्या जातीला कोर्टकचेरी कशाला?" त्यात लग्न झालं, बाळ झालं की काळा कोट खुंटीला लागतो.

आणि प्रश्न फक्त मुलींचाच नाही. आपल्या शिरपूर तालुक्यात घरी कुणी अहिराणी बोलतं, तर सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवर पावरी बोलतात. तालुका-जिल्हा कोर्टाचं काम मराठीत, उच्च न्यायालयाचं इंग्रजीत. पावरी बोलणाऱ्या आजीला तिच्याच भाषेत "काय झालं आजी?" असं विचारणारी वकील मिळाली तर तिची अर्धी भीती जाईल की नाही? म्हणून वकिलीत सगळ्या समाजांची, सगळ्या भाषांची माणसं हवीत.

एक चांगली गोष्ट सांगते. वकील म्हणून नाव नोंदवायला पूर्वी हजारो रुपये घेतले जायचे. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, कायद्यात लिहिलंय तेवढीच फी घ्या. सर्वसाधारण उमेदवाराला ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला १२५ रुपये. शेतमजुराच्या मुलीसाठी हा फरक फार मोठा आहे.

हे लक्षात ठेवा

• बारावीनंतर ५ वर्षांचा किंवा पदवीनंतर ३ वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम असतो. त्यासाठी सीईटी द्यावी लागते.
• १९८७ च्या कायद्यानुसार महिला, मुलं आणि अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना मोफत वकील मिळू शकतो. महिलेला त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. मदतीचा फोन क्रमांक १५१००. हे घरी आईला नक्की सांगा.

स्वाध्याय

१. कॉर्नेलिया सोराबजींना पदवी उशिरा का मिळाली?
२. १९२३ च्या कायद्याने काय बदललं?
३. तुमच्या घरची भाषा बोलणारा वकील असला तर कोणाला फायदा होईल? पाच ओळी लिहा.
४. वकिलाचं चित्र काढा.

चौथा प्रश्न सोडवताना घाई करू नका. पेन्सिल टेकवण्याआधी क्षणभर थांबा. त्या काळ्या कोटात कोण आहे, ते तुम्हीच ठरवायचंय.