मानमोडी डालग्यातून येते

मुंगूस, बोका, घार यांची भीती आमच्या कोकणात पोरासोरांनाही ठाऊक आहे. तिन्हीसांजेला खुराड्याची फळी लावायला सहसा कुणी विसरत नाही. पण मुंगूस दोन-तीन कोंबड्या मारील. मानमोडी ही कोंबड्यांची साथ अख्खी वाडी रिकामी करते. तिला फळी अडवत नाही, कारण तिला आपणच घरात आणतो.

आमच्या वाडीत ती आली गटारीच्या तोंडावर. त्या दिवसांत कोंबड्यांची ये-जा फार. कुणी बाजारातून कोंबा आणतो, कुणाची सून माहेराहून तलंग घेऊन येते, कुणाला राखणीसाठी कोंबा हवा असतो. आठवडा बाजारातून एका घरी एक तलंग आली. दिसायला तजेलदार, तुरा लालभडक. त्याच संध्याकाळी ती इतरांबरोबर खुराड्यात गेली. आमच्याकडे कुंपणं नावालाच, दिवसभर सगळ्यांच्या कोंबड्या सगळ्यांच्या परड्यात उकरत असतात. आठवडा उलटायच्या आत पहिली कोंबडी मेली.

माझी तांबडी फणसाखाली पिसं फुलवून, डोळे मिटून उभी होती. चोच उघडी, श्वासागणिक घशात घरघर. शीट हिरवट, पाण्यासारखी. दुसऱ्या दिवशी मान पिळवटून पाठीकडे गेली. समोर तांदूळ टाकला तर ती दाण्यावर चोच मारायची आणि चोच दाण्याच्या बाजूला पडायची. पुन्हा मारायची, पुन्हा बाजूला. भूक होती, पण दाणा सापडत नव्हता. ते बघवत नव्हतं.

या रोगाला राणीखेत म्हणतात. तो विषाणूचा रोग आहे, एकदा लागला की त्यावर औषध नाही. लसूण-हळद घाला, प्रतिजैविकाची पूड पाण्यातून द्या, विषाणूवर त्याचा काही परिणाम होत नाही. त्यात पैसे घालवण्यापेक्षा पहिली कोंबडी आजारी दिसताच पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. बर्ड फ्लूची लक्षणंही अशीच असतात. नुसतं बघून दोन्हींतला फरक कुणालाच सांगता येत नाही, नमुना तपासावाच लागतो. 2006 साली नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू निघाला, तेव्हा त्या भागातल्या किती घरांची खुराडी रिकामी झाली, हे आठवलं तर कळवायला उशीर करावासा वाटणार नाही.

आता जे सांगते ते कुणाला लागेल, पण सांगायलाच हवं. मर लागली की घाईघाईने उरलेल्या कोंबड्या बाजारात विकायची आपल्याकडे रीत आहे. गरिबाचा पैसा त्यात अडकलेला असतो, हे मला कळतं. पण वरून धडधाकट दिसणाऱ्या त्या कोंबड्यांच्या अंगात विषाणू असतो. लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत दोन दिवस जातात, कधी पंधराही. त्या बाजारातून जी बाई कोंबडी घेऊन जाते, तिच्या वाडीत आपणच मर पाठवतो. मेलेली कोंबडी व्हाळात टाकणं हेही तसंच. खोल खड्डा खणायचा, वर चुना टाकायचा, कुत्र्याला उकरता येणार नाही इतकी माती लोटायची. हात साबणाने धुवायचे. या विषाणूने माणसाचेही डोळे येतात.

नवी कोंबडी कितीही जवळच्या घरून आलेली असो, तीन आठवडे वेगळी ठेवा. मागच्या पडवीत डालग्याखाली चालेल, पण तिचं पाण्याचं भांडं वेगळं हवं आणि तिला दाणा घालायचा तो आपल्या कोंबड्यांना घालून झाल्यावर, शेवटी. बाजारातून आणलेलं डालगं, अंड्यांचे ट्रे, शीट लागलेल्या चपला यांतूनही रोग येतो. त्यामुळे ज्या घरी मर लागली आहे, त्या घरी बघायला जाण्याचा मोह टाळा. खुराडं रिकामं झालं असेल तर ते खरवडून, धुऊन, चुना मारून चांगलं उन्हात तापू द्या. लगेच नवी पिल्लं भरू नका.

खरी राखण लसीची. पिल्लू पाच-सात दिवसांचं झालं की लासोटाचा एक थेंब डोळ्यात. त्याने डोळा मिटून थेंब आत घेतला की मगच सोडायचं. चौथ्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा थेंब. आठव्या आठवड्यात आर-टू-बीचं इंजेक्शन, पण आधी लासोटा झालेल्यांनाच. लहान पिल्लांना ते सोसत नाही. आजारी कोंबडीला लस देऊ नये.

अडचण एकच येते. लसीची बाटली शंभर-दोनशे मात्रांची आणि घरात कोंबड्या आठ-दहा. एकदा विरघळवली की दोनेक तासांत ती संपवावी लागते, उन्हात तर वायाच जाते. म्हणून वाडीने मिळून दिवस ठरवावा. आदल्या दिवशी घरोघर निरोप द्यायचा, लस बर्फ घातलेल्या थर्मासमधून आणायची, आणि काम सकाळी खुराडी उघडायच्या आधी उरकायचं. एकदा कोंबड्या परड्यात सुटल्या की त्यांना धरण्यातच दोन तास जातात. आमच्याकडे बाटलीतली लस उरते ती पलीकडच्या वाडीला चालते. तिथल्या बायका पिल्लं टोपलीत झाकून तयार ठेवतात.